दाढी, टक्कल आणि बाकीच्या शंका

बारावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मी आईला सांगितलं, की मी मुलगी नाही, मुलगा आहे. ती ओटीवर वालाचं बिरडं सोलत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "पेपर कठीण गेले काय गो?"

आमचं घर पेणच्या पुढे, गडब गावाजवळ, हायवेपासून थोडं आत. वडील एका कंपनीत शिफ्टला जायचे. आईने त्यांना सांगितलं तेव्हा ते डबा पिशवीत भरत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रजा मिळाली की बघू." त्यानंतर त्यांना पुष्कळ रजा मिळाल्या. एकदा घर शाकारून झालं, एकदा चुलतबहिणीचं लग्न झालं. माझा नंबर काही लागला नाही.

शेवटी आईच मला पेणला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी जीभ पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त कमी आहे असं निदान केलं. लाल रंगाचं टॉनिक लिहून दिलं. मग माझ्यादेखत आईला म्हणाले, "स्थळं बघायला लागा. लग्न झालं की असल्या कल्पना आपोआप जातात." मी मुलगा असल्याची तक्रार घेऊन गेलो होतो, आणि उपाय म्हणून मला नवरा मिळत होता. येताना एसटीत आई टॉनिकची बाटली मांडीवर घट्ट धरून बसली होती.

मला काय हवं होतं ते मला माहीत होतं. पेणच्या कॉलेजच्या वाचनालयात एका रविवारच्या पुरवणीत मी वाचलं होतं, की मुंबईत काही डॉक्टर पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं देतात. त्याने आवाज फुटतो, दाढी येते, पाळी थांबते. तो लेख मी इतक्या वेळा वाचला, की ग्रंथपालांना मी अभ्यासू वाटायला लागलो.

पण शंका होत्याच. घरात कोणाला आल्या नसतील इतक्या मला होत्या. दाढी आली तर ती माझ्या चेहऱ्याला शोभेल की नाटकातल्यासारखी दिसेल? मध्येच बंद करावंसं वाटलं तर काय होईल? मूल कधीच होणार नाही का, आणि पुढे कधी तरी मला ते हवंसं वाटलं तर? सगळ्यात मोठी शंका आवाजाची होती. गौरीच्या गाण्यांना आमच्या आळीत सुरुवात मी करायचो. या अख्ख्या शरीरातली मला आवडणारी गोष्ट तेवढी एकच, आणि नेमकी तीच सगळ्यात आधी जाणार होती. हे कोणाला बोलायची सोय नव्हती. शंकेचा एक शब्द तोंडातून निघाला असता तर समोरच्याने लगेच टाळी वाजवली असती, "बघ, तुलाच खात्री नाय!" ज्यांना मी चुकतोय याची शंभर टक्के खात्री होती, त्यांना खात्रीचा पुरावा मात्र माझ्याकडून हवा होता.

मग मला रोह्याला आत्याकडे पाठवलं. आत्या विधवा होती, घरातच मुलींचा शिवणक्लास चालवायची. मी तिच्याकडे राहून ब्लाउज बेतायला शिकावं आणि त्या ओघात मुलगीही होऊन जावं, अशी योजना होती. ब्लाउज मला बरा जमायला लागला.

आत्याचा मुलगा माझ्याच वयाचा. तो संध्याकाळी जिमला जायचा आणि आल्यावर आरशासमोर उभा राहून स्वतःचे दंड दाबून बघायचा. मी कशामुळे रोह्यात आहे हे त्याला कळलं तेव्हा तो हसला नाही. उलट मोठ्या उत्साहाने म्हणाला, "अगं, त्यात काय! आमचे सर देतात ना ते इंजेक्शन. मी पण घेतो. उद्या चल."

मी गेलो. सर खुर्चीत बसून अंडी सोलत होते. त्यांच्या मागच्या कपाटात प्रोटीनच्या डब्यांशेजारी तेलासारख्या औषधाच्या छोट्या बाटल्या होत्या.

"कोणासाठी पायजे? भावासाठी?"

"माझ्यासाठी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घे की. हल्ली बायकांच्या पण स्पर्धा असतात."

"किती घ्यायचं ते कोण ठरवतं?"

"मी."

"आधी रक्त तपासायला लागतं का?"

"रक्त कशाला? आजारी हायस काय तू?"

"आणि बंद केलं तर?"

"बंद कशाला करायचं?" ते आता वैतागले होते. अख्खं अंडं तोंडात टाकून म्हणाले, "प्रश्न विचारणाऱ्याची बॉडी होत नाय."

ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर तळमळत होतो ती हाताच्या अंतरावर होती. हात पुढे केला असता तर त्याच संध्याकाळी मिळाली असती. मी चपला घातल्या आणि नदीच्या बाजूने चालत घरी आलो. स्वतःला यथेच्छ शिव्या दिल्या. मला वाटलं, घरचे म्हणतात तेच खरं, मला काही हे मनापासून नको आहे.

पावसाळा संपता संपता आतेभावाच्या कुल्ल्यावर गळू झालं. ताप चढला, चालता येईना. दवाखान्यात नेऊन ते कापावं लागलं, तेव्हा इंजेक्शनांची गोष्ट बाहेर आली. मग नातेवाईक आले. मोसंबी आली, शहाळी आली. माझ्या वडिलांना तर चक्क रजा मिळाली. ते गडबहून आले, पालथ्या पडलेल्या भाच्याच्या दंडावर थाप मारली आणि कौतुकाने म्हणाले, "मर्दाची बॉडी हाय हो!" त्याला हे का घ्यावंसं वाटलं, त्याची खात्री आहे का, पुढे पस्तावला तर काय, असं कोणीही विचारलं नाही. व्यायामाची आवड आहे पोराला, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

सगळे गेल्यावर आत्या खाटेशी बसून मोसंबी सोलत होती. मग मला म्हणाली, "तुझं औषध पण हेच काय गो?"

"हेच."

"तू गेलेलीस त्याच्या सराकडे?"

"गेलो होतो. नाही घेतलं." तिच्यासमोर 'गेलो' हे पहिल्यांदाच तोंडातून निघालं होतं. तिने ते ऐकलं, पण दुरुस्त केलं नाही. ती मुलाकडे बघत होती.

"मग नीट डॉक्टरकडून घेऊ," ती म्हणाली. "हे असलं दुसऱ्यांदा निस्तरायची ताकद नाय माझ्यात."

आत्या मला मुंबईच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथे आधी मनोविकारांच्या डॉक्टरांकडे बरेच महिने जावं लागलं. लहानपणी काय खेळायचास, त्यांनी विचारलं. विटीदांडू, मी म्हणालो. भातुकलीही खेळायचो, पण मुलगा ठरायला भातुकली चालत नसावी असं वाटून ती गाळली. त्यांनी विटीदांडू ठळक अक्षरात लिहून घेतला. आयुष्यभर विटीदांडू न खेळलेले माझे वडील या परीक्षेत नापास झाले असते.

मग हार्मोनच्या डॉक्टर. मध्यमवयीन बाई, समोर चहा गार होत असलेला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुझ्या शंका काय आहेत?"

"काही नाहीत," मी सवयीने म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "शंका नसणाऱ्याला मी औषध देत नाही."

मग मी जो सुटलो तो थांबेना. त्या एकेकाचं उत्तर देत गेल्या. आवाज एकदा फुटला की परत येत नाही, औषध बंद केलं तरी नाही. दाढीही बऱ्यापैकी राहते. मुलाचं अवघड होऊ शकतं, त्याचा विचार आत्ताच करायचा. रक्त वरचेवर तपासावं लागेल. तीस वर्षांनी काय होतं? "माहीत नाही. इतकी वर्षं झालेला पेशंट माझ्याकडे नाही." आणि मी सुखी होईन का? "ते माझ्या खात्यात येत नाही."

आत्या इतका वेळ पदराशी चाळा करत होती. ती पुढे सरकली. "टक्कल पडेल काय हो?"

"घरात कोणाला आहे?"

"सगळ्यांना."

"मग पडेल," बाई हसून म्हणाल्या, आणि विचार करायला घरी पाठवून दिलं.

परतीची पॅसेंजर निडी स्टेशनात क्रॉसिंगसाठी थांबून राहिली. डब्यात फारसं कोणी नव्हतं. आत्याने सुपारी कातरत विषय काढला. "टक्कल पडलं तरी चालेल तुला?"

मी वडिलांचं डोकं डोळ्यांसमोर आणलं, मग आजोबांचं, मग माझं त्या रांगेत. गंमत म्हणजे वाईट वाटलं नाही. "चालेल."

"आणि आवाज? गौरीला कोण म्हणणार?"

समोरून गाडी आली, गेली, तरी मी विचारच करत होतो. गळा जाणार याचं दुःख होतंच, अजूनही आहे. पण दर गौरीला "काय गळा लाभलाय पोरीला!" असं कोणीतरी म्हणायचं, आणि त्या एका शब्दावर माझं गाणं तिथेच संपायचं. ते मी आत्याला सांगितलं. तिने सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. आमची गाडी हलली.

एकोणिसाव्या वर्षी मी इंजेक्शनांना सुरुवात केली. पहिल्यांदा आल्या त्या पुटकुळ्या, आणि त्यांच्याबद्दल मला एकही शंका आली नव्हती. मग आवाज घोगरा झाला. एकदा मी रोह्याच्या बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावला. दुकानदाराने घरी हाक मारली, वडील फोनवर आले.

"कोण?"

"मी बोलतोय."

"राँग नंबर हाय," असं म्हणून त्यांनी ठेवून दिला. मी पुन्हा लावला. या वेळी मागोमाग आलेल्या आईने घेतला. माझा आवाज ऐकून ती दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "अगो बाय, केवढी सर्दी झालीय तुला!"

ती सर्दी वर्षभर टिकली. दर आठवड्याला गडबहून येणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या हाती आई गवती चहा आणि सुंठ पाठवायची. मी काढा करून प्यायचो आणि फोनवर सांगायचो, की बराच फरक आहे.