तीन कोटेशनवाले काका

“तीन कोटेशन आणा, मग बोलू,” असं म्हणून काका चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरच्याकडे बघणंच बंद करायचे. विषय संपला. मग समोर सप्लायर असो, साहेब असो, नाहीतर गणपतीची वर्गणी मागायला आलेली आपली मराठी मंडळी असोत.

आमची कंपनी स्टेडियम थंड ठेवायला लागणारे गार हवेचे डक्ट पुरवायची. कतारमध्ये, दोह्यात तेव्हा वर्ल्ड कपच्या तयारीने सगळीकडे खोदून ठेवलेलं. परचेस खात्यात काका आणि मी शेजारी बसायचो. ते मूळचे नाशिकचे, बायको गेल्यापासून मदिनत खलीफा भागात एका व्हिलातल्या खोलीत एकटे. एकुलती एक लेक लग्न होऊन इंग्लंडात, लीड्सला. सप्लायरकडून त्यांनी कधी खजुराचा डबासुद्धा घेतला नाही. “दलाली खाल्लेला माणूस भाव सरळ सांगत नाही,” हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य.

त्यांच्याबरोबर सूक वाकिफच्या बाजारात केशर घ्यायला जाणं ही शिक्षाच होती. पहिल्या दुकानात वास, दुसऱ्यात वास, तिसऱ्यात वास, आणि खरेदी शून्य. पुढेपुढे दुकानदार लांबूनच “खलास, यल्ला!” म्हणून ‘पुढे व्हा’ असा हात हलवायचे. काकांना तो आपला मान वाटायचा.

अशा माणसाला एक दिवस कळलं की विलायतेत वीज-गॅसची कंपनी बदलता येते, आणि कुठली स्वस्त ते सांगणाऱ्या वेबसाइटही असतात. झालं! “इथे विजेचं एकच दुकान. तिथे बघ, एका क्लिकला ढीगभर कोटेशन!” दुपारी एका हाताने डबा खात, दुसऱ्या हाताने ते लेकीच्या घरासाठी वीज शोधायचे.

मी एकदा विचारलं, “काका, ही साइट फुकट कशी चालते?”

“कंपन्या कमिशन देतात. आपल्या खिशाला काय?”

“म्हणजे दलालीच की!”

चष्मा कपाळावर गेला.

साइट विचारायची, घर गरम ठेवायला गॅस किती जळतो? काका लेकीला फोन लावायचे. ती म्हणायची, “फार नाही हो बाबा. इथे म्हणतात तेवढी थंडी नसते.” परदेशात राहणारा माणूस घरी असंच सांगतो. तुम्हीही सांगितलं असेल. काकांनी ती सांगेल ते भरलं आणि यादीत सगळ्यात वर आलेली कंपनी तिला घ्यायला लावली. साइटने हिशोब चोख केला, पण लेकीच्या थापेवर केला. आणि ती कंपनी टिकेल का, हे साइट सांगत नव्हती. ऑफिसात सप्लायरची कुंडली पाहिल्याशिवाय ऑर्डर न देणाऱ्या काकांनीही ते विचारलं नाही. लेकीचं भलं करायच्या घाईत माणूस आंधळा होतो.

हिवाळ्याच्या तोंडावर ती कंपनी बुडाली. त्या सुमारास तिकडे बऱ्याच बुडाल्या. वीज काही तुटली नाही, गिऱ्हाइकं दुसऱ्या कंपनीकडे गेली. पण तिथला दर ऐकून जावयाने घरातलं हीटिंगच बंद केलं. काकांना कुणी काही कळवलं नाही.

एका दुपारी डबा खाताना त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. नात स्वयंपाकघरात लोकरी टोपी घालून बसली होती. “हाय आबा!” म्हणाली, आणि तिच्या तोंडातून वाफ निघाली. घरात बसलेल्या पोरीच्या तोंडातून. काकांनी फोन पालथा ठेवला.

“मी शोधून दिली होती,” एवढंच ते म्हणाले.

पैसे पाठवतो म्हटलं, तर जावई मानी, नको म्हणाला. त्यानंतर काका ऑफिसात असून नसल्यासारखे झाले. समोर कोटेशन आलं की नुसतं बघत बसायचे, सही करायचे नाहीत. मग त्यांच्या शेजारच्या खोलीतल्या रत्नागिरीच्या चाचांनी मला सांगितलं की काका खोलीतला एसी लावतच नाहीत. मी ऑफिसातच भांडले.

“काका, जून चालू आहे! जीव जाईल!”

“ती तिथे कुडकुडते आणि मी गारव्यात झोपू?”

“अहो, आता तिकडेही उन्हाळा आहे!”

“असेल. मला डोळे मिटले की ती वाफ दिसते.”

जुलैत एका सकाळी ते आले नाहीत. चाचांनी दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी त्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा जी धग अंगावर आली, ती अजून माझी पाठ सोडत नाही. मॉलमधून बाहेर पडताना दार उघडतं आणि मी जागीच थांबते. मागचे लोक ढकलतात.

सामान आवरायला लेक आली. ती यायच्या आधी मी जाऊन एसी लावून ठेवला. तिने कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, पुन्हा कपाट उघडलं.

“ताई, बाबांची रजई कुठे आहे?”

“रजई?”

“रोज सांगायचे ना, इथे एसीचा इतका गारवा की जुलैतसुद्धा रजई लागते. ती नेते मी. हिवाळ्यात मुलीला घालीन.”

लेक बापावर गेली होती की बाप लेकीवर, कोण जाणे.

“लाँड्रीला टाकली आहे,” मी म्हणाले. “पाठवते.”

ती गेल्यावर मी एक जाड रजई विकत आणली. नवी वाटू नये म्हणून धुतली, वाळवली, परत धुतली, आणि लीड्सला पाठवून दिली. वर्ल्ड कप सुरू व्हायच्या सुमारास तिचा फोन आला. रस्त्यावर गाड्यांना झेंडे लावून लोक हॉर्न वाजवत होते, मी खिडकी लावून घेतली.

“ताई, रजई मिळाली. एवढी धुतलीत, तरी बाबांचा वास येतोय हो.”

“येणारच,” मी म्हणाले.