भरमसाट पेशी

थोरलीला धाकट्या जावेचा हेवा वाटायचा, तो अगदी आजारपणातसुद्धा! कमाल आहे की नाही? एका घरात दोन जावा, दोघींनाही कॅन्सर. थोरलीला रक्ताचा, धाकटीला स्तनाचा. तरी हिचं आपलं चालूच, तिचं ते बरं आणि माझं मेलं वाईट!

थोरली शाळेचे गणवेश शिवायची. दोघींचे रक्ताचे रिपोर्ट आले की कापडाचे तुकडे जुळवावेत तसे ती ते शेजारीशेजारी ठेवून बघायची. या खेपेला तिच्या पांढऱ्या पेशी भरमसाट, धाकटीच्या बेताच्या.

"बघ! रोगाशी लढणाऱ्या पेशी माझ्याकडे जास्त," म्हणत ती घरभर मिरवली. तिची लेक तान्ह्या मुलीला घेऊन यायची होती. नातीला मांडीवर घ्यायला आता कोण अडवतंय?

डॉक्टरांनी अडवलं. "मावशी, तुमच्या पेशी पुष्कळ आहेत, पण बिनकामाच्या. दुकानात गर्दी, पण शिवता कोणालाच येत नाही. धाकट्या बाईंच्या पेशी कॅन्सरच्या औषधाने कमी झाल्या होत्या, त्या आता भरून आल्यात आणि कामाच्या आहेत. तुम्हाला मात्र साधी सर्दीही महागात पडेल."

झालं! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. इथेही हिनेच बाजी मारली!

लेक आली तेव्हा बाळाचं नाक वाहत होतं. थोरली आपल्या खोलीत, दाराच्या काचेला कपाळ टेकवून उभी. आता ही भवानी माझ्या नातीला कवटाळणार, आणि मी बघत बसायचं! पण धाकटी हाताची घडी घालून भिंतीशीच थांबली. बाळ रडून लाल झालं.

"काकू, घ्या ना हिला!" लेक म्हणाली.

"नको गं. मला सर्दी झाली तर जाऊबाईंच्या खोलीत कोण जाणार? त्यांना जेवण माझ्याच हातचं लागतं."

थोरलीने ते ऐकलं आणि तिचा जीव आणखीच जळला. चांगुलपणातही हीच पुढे! मेली, एकदा तरी वाईट वाग ना!

तिने काचेवर थाप मारली. "घे तिला! माझं ताट दाराबाहेर ठेव काही दिवस. मरत नाही मी."

धाकटीने बिचकत बाळ घेतलं. ते तिच्या खांद्यावर विसावलं, गप्प झालं. थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अगं मान धर तिची, मान!" ती आतून ओरडली. "आणि इकडे वळव. तोंड तरी दिसू दे मला."