फुकटची गिरणी

मुरबाडच्या भातगिरणीत मी नंबर लावून बसलो होतो. शेजारी आपल्या पोत्याला टेकून एक म्हातारी बसली होती. मधूनच ती भाताचा एक दाणा दातांत फोडायची आणि मान डोलवायची.

"मोबाइलात बघून काय हसतोस रे?"

"मावशे, परदेशातल्या लोकांची कामं करतो मी. ते डॉलर धाडतात. आधीची कंपनी रुपये करून द्यायला पैसे कापायची, ही नवी फुकट करून देते."

तिनं आणखी एक दाणा फोडला.

"आमच्या पाड्याजवल पन फुकट भरडून देनारी गिरण हाय. तरी मी यष्टीनं इथं येते, पैसं देऊन भरडते."

"का?"

"तो गिरणवाला कोंडा नि कणी ठेवून घेतो. मंग माझ्या कोंबड्या काय खातील?"

मी हसत हसत डॉलरचा त्या दिवशीचा बाजारभाव काढला. मला दर डॉलरमागे दोन रुपये कमी मिळाले होते. आधीची कंपनी कापायची, त्याहून हे जास्त होतं.

तेवढ्यात तिचा नंबर आला. तांदळाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. कोंडा पडतो तिथं आधी जाऊन आपली गोणी लावली.