बोटभर वेणी

ओल्या लोकरीचा वास आला की झरी गावातलं आमचं अंगण आठवतं. बाप मेंढ्या कातरत होता, आई त्यांचे पाय धरून बसली होती. औषधानं केस गेलेल्या आपल्या डोक्यावर नुकतीच उगवलेली लव एका हातानं कुरवाळत ती म्हणाली, "केस वापस यायलेत बगा." कातर न थांबवता बाप म्हणाला, "गाठबी वापस यायली." छातीतल्या कॅन्सरच्या काही मूळ पेशी औषधातून वाचल्यात, त्यांच्यातलं एक प्रथिन त्यांना मरू देत नाही आणि त्याच पेशी गाठ पुन्हा वाढवतात, हे डॉक्टरांनी बापाला आणि मला सांगितलं होतं, आईला नाही. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि पुढच्या मेंढीचे पाय धरले. औषध तिनं पुन्हा घेतलंच नाही. आता मेंढ्यांचे पाय मी धरते. तिला मसणात नेलं त्या दिवशी तिच्या केसांची बोटभर वेणी घालता आली.