फारसी आखूड, मराठी लांब

माझी थाप पळस्प्याच्या नाक्यावरून सुटली की गोव्याला पोचेपर्यंत तिला नातवंडं झालेली असतात, असं पनवेलात म्हणतात. हे अर्थात मीच पसरवलंय. पण मी इंटरनेटवर फारसी शिकलो ही थाप नाही. थाप असती तर फार बरं झालं असतं.

उलव्याला भाताच्या खाचरांतून टॉवर उगवत होते, त्या वर्षांतली गोष्ट. थोरली बहीण करंज्याला दिलेली. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, मालवाहू जहाजावर खलाशी. ते जहाज इराणच्या एका बंदराबाहेर नांगरलं आणि त्याचा मालकच परागंदा झाला. पगार बंद, डिझेल संपत आलेलं, आणि जहाजाचा निकाल लागेपर्यंत खलाशांना उतरायला बंदी. दाजींचा एकदाच फोन आला, धक्क्यावरून होडीने जहाजावर पाणी-शिधा पोचवणाऱ्या पहारेकऱ्याच्या मोबाइलवरून. "याच नंबरवर करत ऱ्हावा. पन याला हिंदी येत नाय, इंग्लिश नाय. निसती फारसी..." आणि फोन तुटला.

ताई रडली नाही. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आली आणि कम्प्युटरकडे बोट करून म्हणाली, "या डब्यान सगलं मिलतं बोलतोस ना? मंग फारसी काढ."

मला वाटलं, त्यात काय! दरवाजा, बाजार, शहर, दर्या, खबर... निम्मी फारसी तर आपल्या मराठीत आधीच संसार थाटून बसलीय. उरलेली गणपतीच्या आत उरकू. फारसी शिकवणाऱ्या व्हिडिओतली बाई हिरवा रुमाल बांधून हसत "सलाम" म्हणायची आणि नेमकी हसतानाच गोठायची. पहिलं अक्षर पडद्यावर उमटायला लागलं की मी जाऊन मिसळ खाऊन यायचो, तेव्हा कुठे दुसरं डोकं वर काढायचं. घशातला 'ख' घोटायला लागलो, तर शेजारचा औषधवाला आपणहून खोकल्याची बाटली घेऊन आला. उजवीकडून डावीकडे वाचून वाचून माझं झेरॉक्स मशीनसुद्धा उलटं चालायला लागलं. आणि एवढं करून बाजारापासून दर्यापर्यंत सगळी नावं तोंडपाठ. पण कुणी कुणाला केव्हा सोडणार, हे विचारणारं क्रियापद काही गळाला लागेना.

दर रविवारी ताई बाजारात सुकी मासळी विकून दुकानात यायची. टोपली रिकामी झाली तरी सोड्यांची एक पुडी ती विकायची नाही. ती दाजींची. माझ्याच फळीवर ठेवलेली. ते "निघालो" म्हणाले की इथूनच उचलून विमानतळ गाठायचा. मग मी फोन स्पीकरवर लावायचो. पहारेकरी खोकायचा, तीन-चार शब्द टाकायचा. मी मान डोलवायचो आणि सुरू व्हायचो, की बंदरातल्या साहेबाकडे सुटकेचे कागद पोचलेत, साहेबाच्या मुलीचं लग्न आडवं आलंय, वरातीला घोडा मिळत नाही, मिळाला की सही, आणि दाजी तर केशरी भात खाऊन असे सुटलेत की जहाज एका अंगाला कललंय.

"तो तं एवरासाच बोल्ला," ताई म्हणायची. "तू एवरा लांब कसा?"

"फारसी आखूड असते, ताई. मराठी लांब."

"असंल," म्हणून ती पदर सावरायची. "मंग अजून सांग."

तिला कळत होतं. मलाही कळत होतं की तिला कळतंय. घोडा मिळाला, हरवला, पुन्हा मिळाला. वरात काही निघेना.

आणि मग त्या हिरव्या रुमालवाल्या बाईने 'माहीत नाही' शिकवलं. 'कुणी सांगत नाही' शिकवलं. नेमकं त्या आठवड्यात नेटही एकदा गोठलं नाही.

रविवारी पहारेकरी खोकला, बोलला, आणि मला सगळं समजलं. आज होडी गेली नाही. केव्हा सुटतील माहीत नाही. मलाही कुणी काही सांगत नाही, भाऊ. भयंकर होतं ते पुढेच. हा सूर, हा खोकला, हे शब्द माझ्या ओळखीचे होते. पहिल्या रविवारपासून तो बापडा हेच सांगत होता.

"काय बोल्ला?"

मी घोडा शोधला. साहेब, मुलगी, केशरी भात, सगळीकडे हात घालून पाहिला. काही लागलं नाही.

"होडी नाय गेली," मी म्हणालो. "माहीत नाय म्हणतो."

"आज तुजी मराठी पन आखूड झाली," ताई म्हणाली. मग उठली, फळीवरची पुडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "तुजे बायकोला दे. वांग्यान घालून कालवन कर बोल. ठेवले तं किडं लागतील."

टोपली डोक्यावर घेऊन ती उतरली, मागे न बघता. फोन चालूच होता. पहारेकरी विचारत होता, कुणी आहे का तिकडे? तेही मला समजलं.