अभिनंदन, सुमन

शहाडहून निघालो तेव्हा अख्खी आळी रिक्षाभोवती जमली होती. मी घरातला पहिला ग्रॅज्युएट, आणि कंपनी मला जपानला पाठवत होती. शेजारच्या काकू ओरडल्या, "पेढे न देताच पळतोस होय रे?" पेढे त्यांना दोनदा पोचले होते. पण आमच्याकडे आनंद असाच दाखवतात. 'अभिनंदन' आम्ही फक्त शाळेच्या बक्षीस समारंभात ऐकलेलं. वडील एवढंच म्हणाले, "माणसं सांभाळून राहा."

नागोयाच्या ऑफिसात माझ्या शेजारी मोरी-सान बसायचे. वयाने मोठे, अबोल. एकदा त्यांनी हळूच सांगितलं, मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला. मला खरंच आनंद झाला. तोडक्यामोडक्या जपानीत म्हटलं, "मग मिठाई कुठे? मिठाईशिवाय सोडणार नाही!" त्यांचा चेहरा उतरला. वाकून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या सेक्शनसाठी केकचे बॉक्स घेऊन आले. वर पुन्हा माफी. माझ्या वाटणीचा केक मी तसाच टेबलावर ठेवला.

आमच्या जपानीच्या बाईंनी समजावलं, "आनंद त्यांचा आहे. आपण फक्त 'योकात्ता देस् ने' म्हणायचं, छान झालं हं. मागायचं काही नाही." मी ते आरशासमोर घोकलं. आवाज किती चढवायचा, मान किती लववायची, सगळं. हळूहळू जमलं. ऑफिसात कौतुकही झालं.

आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून एका रविवारी मी शेजारच्या काकूंकडे लावला. धाकटी बहीण सुमन धापा टाकत आली. "दादा, मला ठाण्याला कोर्टात नोकरी लागली!" आमच्या घरातून नोकरीला जाणारी ती पहिली मुलगी.

मी म्हटलं, "अरे वा, ऐकून फार आनंद झाला. तुझं मनापासून अभिनंदन, सुमन."

ती म्हणाली, "दादा, बाजूला तुझा साहेब उभा आहे का रे?"

"नाही गं."

"मग असा काय बोलतोस? मला वाटलं, ओरडशील, माझे पेढे कुठायत म्हणून."

आणि तिने फोन मागोमाग आलेल्या वडिलांकडे दिला.

आमच्याकडची रीत सांगितल्यावर मोरी-साननी समजून घेतलं, त्यामुळे ती लाज काही दिवसांत ओसरली. ही नाही. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना कदाचित कळेल: ज्यांच्यावर बिनदिक्कत हक्क गाजवावा, ती माणसं म्हणजे घर. तो हक्क मी परक्या देशात स्वतःच्या हाताने पुसला. गेल्या सुट्टीत शहाडला पाणी घ्यायला उठलो, तर सुमन लगबगीने म्हणाली, "तू बस ना दादा, मी देते." चांगल्या ग्लासात, ट्रेवर ठेवून तिने पाणी आणलं.

मी थँक्यू म्हणालो.