जळका बोर्ड जमा केला

प्रेमानंद मेश्रामांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात चौतीस वर्षं नकाशे काढले, त्यांवर एकही माप खोटं लिहिलं नाही. निवृत्त झाल्यावर बाकीचे बागेत फिरायला जाऊ लागले. यांनी नकाशे काढायचं सॉफ्टवेअर घेतलं, तेही रीतसर पावतीसकट. पावतीवर ‘कायमचा परवाना’ असं छापलं होतं आणि मेश्राम छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवणारे, आता काय बोलावं!

गेल्या महिन्यात वीज खालीवर झाली आणि संगणकाचा मदरबोर्ड जळाला. कारखान्यातली रीत अशी, की जुना भाग स्टोअरात जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही. त्याच सवयीनं त्यांनी जळका बोर्ड सुपेला बाजारातल्या संगणकाच्या दुकानदाराच्या हवाली केला, वर ‘जमा केला’ अशी चिठ्ठीही मागितली. दुकानदार हसला, पण दिली बिचाऱ्यानं. बोर्ड त्याच संध्याकाळी भंगारात गेला.

नव्या बोर्डावर सॉफ्टवेअर उघडेना. परवाना मेश्रामांच्या नावावर नव्हताच, तो त्या जळक्या बोर्डाच्या नंबराला बांधलेला होता. सॉफ्टवेअर उघडणाऱ्या आकड्यांची नवी किल्ली हवी, तर ‘जुना बोर्ड माझ्या ताब्यात आहे’ असं लिहून द्यायचं, अशी अट बारीक इंग्रजीत कुठंतरी एकोणिसाव्या कलमात होती.

मेश्राम आठ दिवस कंपनीला फोन करत राहिले. दर वेळी नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. बोर्ड कुठे आहे, असं विचारलं की हे खरं सांगायचे, आणि तिकडून माफी मागून फोन ठेवला जायचा.

“आमच्या क्रेनची मोटर तीनदा बदलली, तरी क्रेन तीच राहिली,” ते लेकीला, दीक्षाला म्हणाले. “अन् इथं बोर्ड गेला तं मीच परका झालो.”

“बाबा, तुम्ही खरं कावून सांगून राहिले? हो म्हना ना. कौन देखने आ रहा है?”

“जे हातात नाही ते आहे म्हनून कसं लिहू वं?”

तेवढ्यात जवळच्या कुम्हारी गावाहून नरेशचा फोन आला. त्याच्या छोट्या कारखान्याला एका हॉपरचा, म्हणजे माल ओतायच्या मोठ्या नरसाळ्याचा, नकाशा हवा होता. “काका, उद्यापर्यंत नाही झालं तर रायपूरवाल्याले देतो. नाराज नका होऊ.” मेश्रामांना काम देणारा आता हा एकटाच उरला होता. त्या कामावर घर चालत नव्हतं, पण मेश्राम स्वतः चालत होते.

त्यांना फार थकवा आला. भांडायचंही त्राण उरलं नाही. त्यांनी कंपनीचा अर्ज उघडला, ‘जुना बोर्ड माझ्या ताब्यात आहे’ यापुढच्या चौकटीत खूण केली आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.

दोन मिनिटांत किल्ली आली, सोबत अभिनंदनाचा निरोप. सॉफ्टवेअर उघडलं. दीक्षा खूश झाली, म्हणाली, “बघा, किती सोपं होतं!”

मेश्रामांनी हॉपरचा नकाशा काढायला घेतला.

“दीक्षे,” ते म्हणाले, “कोनी पाहालेच येत नव्हतं, तं चौतीस वर्षं मी खरं कोनासाठी लिहिलं वं?”